इंजिन बांधलं, तरी तीन-चार महिन्यांत परत टकटक: जास्त आरपीएमवर पळणाऱ्या बाइकचं दुखणं कुठे शोधायचं

तक्रार ठरलेली असते. दीडशे ते चारशे सीसीची वॉटर कूल्ड बाइक, नऊ-दहा हजार आरपीएमला पूर्ण ताकद देणारी. सोलापूरहून विजापूर रोडला किंवा पुणे हायवेला मोहोळ-टेंभुर्णीपर्यंत सलग उघडून चालवली आणि इंजिनातून खालच्या बाजूने टकटक सुरू झाली, नाहीतर मागे निळा धूर दिसायला लागला. इंजिन खोललं, बोअर-पिस्टन किंवा कॉनरॉडचं (पिस्टन आणि खाली फिरणारा क्रँक जोडणारा दांडा) किट टाकलं, खिशाला चांगलीच चाट बसली. तीन-चार महिने गाडी छान पळाली. मग पुन्हा तोच आवाज, त्याच ठिकाणाहून.

अशा वेळी पहिला संशय पार्टवर जातो, किट डुप्लिकेट निघालं म्हणून. कधी ते खरंही असतं. पण तोच भाग दुसऱ्यांदा त्याच पद्धतीने गेला, तर बहुतेक वेळा मोडलेला भाग बदलला गेलाय आणि मोडणारं कारण इंजिनातच राहिलंय. म्हणून कळकळीची विनंती आहे: इंजिन खोलताना स्वतः समोर उभे राहा आणि जुना एकही भाग भंगारात जाऊ देऊ नका. शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या), रिंगा, पिस्टन, प्लग, ऑईल फिल्टर, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत घाला आणि कुठला भाग वरचा, कुठला खालचा, कुठली बाजू एक्झॉस्टकडे होती हे मार्करने लिहा. कारण शोधायचं ते याच भागांवर.

आरपीएम वाढल्यावर आत काय वाढतं

केटीएम ३९० ड्यूकच्या ३७३ सीसी इंजिनाचं उदाहरण घेऊ. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८९ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, ६० मिमी. १०,००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला १६६ वेळा वर जाऊन खाली येतो. सरासरी वेग पडतो सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. वेगाचं एवढं काही नाही. मारतं ते प्रत्येक टोकाला थांबून उलटं फिरणं. वरच्या टोकाला पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींहून जास्त त्वरण येतं. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून पाव किलो धरलं, तरी कॉनरॉडवरची ओढ जवळपास एक टन होते.

ही ओढ सगळ्यात निर्दय असते ती एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी. पॉवर स्ट्रोकला जळलेल्या वायूचा दाब पिस्टनला खाली रेटतो, त्यामुळे ओढ काही अंशी फिटते. एक्झॉस्टच्या टोकाला असा दाब जवळजवळ नसतोच. सगळा भार रॉडच्या खालच्या कॅपवर आणि जिथे दोन तुकड्यांचा रॉड आहे तिथे रॉड बोल्टवर येतो.

आणि हा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. लिमिटर (आरपीएमची वरची मर्यादा बांधणारी सोय) १०,००० वरून ११,००० वर नेला, तर आरपीएम १० टक्के वाढलं पण ओढ २१ टक्के वाढली. ज्या इंजिनाची पूर्ण ताकद नऊ हजारांना येते आणि पुढे उतरते, त्याचा लिमिटर वाढवून गाडी पळत नाही, नुसता आवाज वाढतो. कॅम, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि रॉड बोल्ट बदलल्याशिवाय लिमिटर वर नेऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

जुने भाग वाचायचे कसे

बिग एंडला, म्हणजे कॉनरॉडच्या क्रँककडच्या टोकाला, शेल बेअरिंग असेल तर दोन्ही शेल उन्हात शेजारी शेजारी ठेवा. कॅपकडचा, म्हणजे खालचा शेल जास्त घासला असेल, तर इंजिन मर्यादेबाहेर फिरलंय. रॉडकडचा वरचा शेल ठोकल्यासारखा दिसत असेल, तर वरून मार बसलाय: नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं), किंवा वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला ओढत चालवणं. दोन्ही शेल सारखेच पुसले गेले असतील आणि रॉडचं तोंड निळं-जांभळं पडलं असेल, तर बेअरिंगला ऑईल मिळालेलं नाही. शेलवर बारीक समांतर रेघा आणि रुतलेले कण दिसले, तर ऑईल मिळालं पण घाण मिळालं.

निडल रोलरवाल्या प्रेस क्रँकमध्ये, म्हणजे तुकडे दाबून जोडलेल्या क्रँकमध्ये, क्रँकपिन (कॉनरॉड बसतो ती पिन) बघा. रंग बदललेला आणि पृष्ठभाग गुळगुळीत, तर ऑईलची उपासमार. पोपडे निघून खड्डे पडलेले, तर थकवा किंवा क्रँक सरळ नसणं.

पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हच्या खाचेत चंद्रकोरीसारखी खूण असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागून गेलाय. नखाला जाणवेल न जाणवेल अशी बारीक असते, म्हणून आधी कार्बन पुसा. डोक्याची कड मुंग्यांनी कुरतडल्यासारखी खडबडीत असेल किंवा दोन रिंगांमधली भिंत तुटली असेल, तर ते नॉकिंग. त्याच इंजिनाचा प्लग भिंगाखाली धरा, पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे-चंदेरी ठिपके सापडतील. चंदेरी ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

रिंगेची दोन टोकं बघायला बहुतेक जण विसरतात. टोकं चकचकीत घासलेली असतील, तर गरम झाल्यावर गॅप संपून टोकं एकमेकांना भिडली, रिंग बोअरला दाबली गेली आणि पिस्टन जाम झाला. असल्या इंजिनात नवी रिंग गॅप न मोजता टाकली, की हायवेवर पहिल्याच लांब पल्ल्याला पुन्हा तेच होतं.

ऑईल: बहुतेक वेळा इथेच सापडतं

दीडशे-दोनशे सीसीच्या इंजिनात ऑईल असतं एक लिटरच्या आसपास. त्यात २०० मिली कमी म्हणजे पाचवा हिस्सा गेला. शहरात सात रस्ता ते आसरा चौक फिरताना काही कळत नाही. सलग नऊ हजारांना मात्र बरंच ऑईल हेडमध्ये आणि भिंतींवर उडालेलं असतं, खाली परत यायला वेळ लागतो आणि संपमधली, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑईलची, पातळी आणखी उतरते. त्यात जोरात ब्रेक मारला की उरलेलं ऑईल पुढे सरकतं आणि स्ट्रेनर, म्हणजे पंपाआधीची जाळी, हवा ओढतो. दाब सेकंदभर पडला तरी बेअरिंगवरचा काही मायक्रॉनचा थर तुटतो.

आरपीएम वाढवलं की ऑईलचा दाबही वाढत जातो, हा समज सोडून द्या. ठरावीक दाबाला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) उघडतो, पुढे दाब तिथेच थांबतो. भार मात्र वाढतच असतो. वरून क्रँकने घुसळलेल्या ऑईलमध्ये फेस होतो, आणि फेस भार पेलत नाही. लाल दिव्यावरही विसंबू नका. तो दाब अगदी तळाला गेल्यावर लागतो, म्हणजे दहा हजारांना चालणाऱ्या बेअरिंगसाठी फार उशिरा. बऱ्याच छोट्या बाइकला तो दिवा नसतोच.

पातळी तपासायची रीत: इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, तीन मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी धरून बघा. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी. डिपस्टिक फिरवून आत घालायची की नुसती टेकवायची, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि दोन्हींत बराच फरक पडतो. जोरात चालवणाऱ्याने दर ५०० किमीला बघावं आणि पातळी मधल्या रेषेच्या वरच ठेवावी, पण मॅक्सच्या पुढे कधीच नाही. जास्त भरलं की क्रँक ते घुसळतो आणि परत फेसच होतो.

ग्रेड मॅन्युअलमधलाच ठेवा आणि डब्यावर जासो एमए२ (बाइकच्या ऑईलचं मानक) लिहिलेलं बघा. कारचं ऑईल ओल्या, म्हणजे ऑईलमध्ये चालणाऱ्या, क्लचला घसरवतं. क्लच घसरला की आरपीएम चढतं, गाडी पुढे सरकत नाही, आणि चालवणारा आणखी पिळतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असतो, तेव्हा मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिले असतील तर गरम हवेचा, म्हणजे दुसरा आकडा मोठा असलेला घ्या. जोरात चालणाऱ्या गाडीचं ऑईल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यात बदला.

एकदा बेअरिंग गेल्यावर जी साफसफाई होत नाही

पुन्हा पुन्हा जाणाऱ्या इंजिनांत हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. बेअरिंग गेलं म्हणजे त्याचा चुरा ऑईलबरोबर सगळीकडे गेला. फिल्टर भरला की बायपास (फिल्टर वगळून जाणारी वाट) उघडतो आणि चुरा थेट गॅलरीत, म्हणजे ऑईल वाहणाऱ्या भोकांत. नवं बेअरिंग टाकून गाडी चालू केली की तोच चुरा त्याच्या तोंडात.

म्हणून ऑईल पंप खोलून रोटर आणि बॉडीवरच्या रेघा बघा, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) फट मोजा, मर्यादेबाहेर असेल तर पंप बदला. रिलीफ व्हॉल्व्ह काढून बोटाने सरकतो का ते पाहा. त्यात एक कण अडकला तर तो उघडाच राहतो आणि दाब कधीच बनत नाही. केसमधल्या गॅलरीचे प्लग काढून दोन्ही बाजूंनी सॉल्व्हंट आणि मग हवा मारा. क्रँकमधलं ऑईलचं भोक विसरू नका, चुरा तिथे घट्ट बसतो. पिस्टनखाली ऑईल जेट असेल तर त्यातून सरळ बारीक धार निघते का बघा. कडक तार घालून भोक मोठं करू नका. वेगळा ऑईल कूलर असेल तर तो धुऊन भागत नाही, नवाच टाका.

पुसायला काय वापरता, तेही महत्त्वाचं. सोलापुरात टॉवेलचे तुकडे आणि सुती वेस्ट सहज मिळतं, गॅरेजमध्ये हात पुसायला ते उत्तम. पण टॉवेलच्या लूपचे तंतू सुटतात, ऑईलमध्ये भिजून स्ट्रेनरच्या जाळीवर बसतात आणि नमद्यासारखा थर तयार होतो. इंजिनाच्या आत फक्त तंतू न सुटणारं कापड आणि हवा. गॅस्केट मेकरचंही तसंच: केसच्या सांध्यावर जाड पट्टा ओढला की निम्मा बाहेर दिसतो, निम्मा आत लोंबतो, तुटतो आणि स्ट्रेनरवर जाऊन बसतो. कागदी गॅस्केट आहे तिथे मेकर लावूच नका. जिथे कंपनीनेच सांगितलाय तिथे एक-दीड मिलिमीटरची रेघ पुरते.

क्रँक प्रेस करून आणल्यावर

प्रेस क्रँकला नवी पिन आणि रॉड बसवून आणलं, की व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने दोन्ही टोकांचा रनआउट, म्हणजे फिरताना येणारा डोल, समोर मोजून घ्या. बहुतेक छोट्या इंजिनांना ०.०३ मिमीच्या आत हवा, मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. नुसती पट्टी लावून सरळ आहे म्हटलेला क्रँक चार हजारांना गप्प बसतो. नऊ हजारांना तोच मेन बेअरिंगला ठोकत राहतो आणि तीन महिन्यांनी त्याच टकटकीने परत येतो. रॉडला उभा हलवून बघा, जाणवेल असा खेळ शून्य हवा. आडवी फट फिलर गेजने मोजा. बॅलन्सर शाफ्टच्या गिअरवरच्या खुणा जुळल्यात ना, हे केस बंद करण्यापूर्वी दोनदा बघा. एक दात चुकला तर हँडल झिणझिण्या आणतं आणि बोल्ट सैल होतात.

दोन तुकड्यांच्या रॉडचे बोल्ट ताणून बसणारे असतात. कंपनी एकदाच वापरा म्हणते तिथे नवेच घ्या, आणि टॉर्क पान्याशिवाय हात लावू नका.

बोअरबद्दल एक: ३९० ड्यूकच्या सिलिंडरला निकासिल नावाचा कठीण थर असतो, यामाहा आर१५ चा डायसिल सिलिंडर बिनस्लीव्हचा, म्हणजे आत वेगळी नळी नसलेला असतो. लेथवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायची जुनी पद्धत इथे लागू नाही. थर निघाला की पुढचा पिस्टन महिन्यांत जातो. पिस्टनबरोबर सिलिंडरही बदला.

पाणी आणि धूळ

रेडिएटर कमी झाला की घरातल्या नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी ओतलं जातं. आपल्याकडचं पाणी जड. हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडभोवतीच्या जॅकेटमध्ये चढतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचा भाग गरम राहतो, आणि तिथूनच नॉकिंग सुरू होतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. दोन वर्षांनी बदला. कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप बदला, कारण दाब टिकला तरच उकळबिंदू वर राहतो. गरम इंजिनाची कॅप उघडू नका, चेहरा भाजतो.

रेडिएटरच्या जाळीत काळ्या मातीचा चिखल वाळून बसतो. प्रेशर वॉशरने जवळून मारलं तर फिन्स वाकतात आणि हवा कायमची अडते. साध्या पाइपने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे धुवा.

उघडा कोनिकल फिल्टर लावून आवाज छान येतो, पण धूळ आत जाते. जास्त आरपीएमला हवा तितकीच जास्त, म्हणजे धूळही. इनटेकच्या नळीत बोट फिरवा. बोटाला चरचरीत माती लागली, तर रिंगा का जातात याचं उत्तर बोटावर आहे. इकडच्या रस्त्यांना बंद एअरबॉक्स आणि कंपनीचा फिल्टर, निम्म्या अंतरात बदललेला.

व्हॉल्व्ह आणि चुकीचा गिअर

चंद्रकोरीची खूण सापडली तर आधी विचारायचा प्रश्न: गिअर चुकीचा पडला होता का? लिमिटर इंधन किंवा स्पार्क तोडतो, चाकाकडून येणारी गती तोडत नाही. चौथ्याचं गुणोत्तर १.१५ आणि दुसऱ्याचं १.८५ धरलं, तर चौथ्यात नऊ हजारांना असताना तिसऱ्याऐवजी दुसरा पडून क्लच सुटला की इंजिन साडेचौदा हजारांकडे ढकललं जातं. स्प्रिंग तेवढ्या वेगाने व्हॉल्व्ह बसवू शकत नाही, व्हॉल्व्ह तरंगतो, पिस्टन गाठतो. स्लिपर क्लचने धक्का कमी होतो, धोका जात नाही. अशा प्रसंगानंतर गाडी चालू राहिली तरी लीकडाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) करा आणि रॉड बोल्ट बदला. ताणलेला बोल्ट नंतर साध्या वेगातही तुटतो.

गिअर चुकलाच नव्हता, तर स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा, कॅम चेन आणि टेन्शनर तपासा. चेन नवी आणि तिचा स्लिपर (चेन घासत जाते ती पट्टी) जुना, असं अर्धवट करू नका. टायमिंग लावल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत बघा. हेड हातात आहे तोवर पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओता, आसपास ज्योत नसताना. पाच मिनिटांत व्हॉल्व्हकडून पाझरलं तर सीट धरत नाही.

टॅपेट वाजतात म्हणून व्हॉल्व्हचा गॅप कमी करून घेणं फार वाईट. सीट घासत जाते तसा गॅप आपोआप कमी होतो, आणि शून्य झाला की व्हॉल्व्ह किंचित उघडा राहून जळतो. गॅप थंड इंजिनावरच मोजायचा. इनलेटपेक्षा एक्झॉस्टचा बहुतेक वेळा जास्त असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलचा.

पेट्रोल आणि स्प्रॉकेट

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटला हे कळत नाही, त्यामुळे मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टन तापतो. मेन जेट एक-दोन नंबर मोठा करून प्लगचा रंग बघत जा. इंजेक्शनच्या गाडीतही पूर्ण थ्रॉटलला बहुतेक ईसीयू (इंधन ठरवणारा संगणक) ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, आत भरलेल्या मॅपवर चालतो. रिमॅप, म्हणजे बदलून घेतलेला मॅप, ई२० च्या आधीचा असेल तर तो पुन्हा तपासून घ्या.

पिकअपसाठी पुढचा स्प्रॉकेट १५ दातांवरून १४ केला असेल, तर त्याच वेगाला आरपीएम सात टक्क्यांनी जास्त. साडेसहा हजारांचे जवळपास सात हजार झाले, आणि विजापूरपर्यंतचे शंभर किलोमीटर तसेच काढायचे. हायवे जास्त असेल तर मूळ स्प्रॉकेट परत बसवा. चौपदरी रस्त्याला दुचाकीची मर्यादा ताशी ८० आहे. रेडलाइनला खेळायचं असेल तर कोइमतूर किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक.

बांधल्यानंतरचे पहिले ५०० किमी

चालू करण्यापूर्वी प्लग काढून सेल्फ मारा, दर वेळी पाच सेकंद, मध्ये थांबून, हेडपर्यंत ऑईल येईपर्यंत. पहिल्यांदा चालू केल्यावर गॅलरीच्या प्लगला गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजा आणि आकडा लिहून ठेवा. सुरुवातीला एकाच वेगाला धरून चालवू नका, निम्म्या आरपीएमच्या आत वर-खाली करत राहा, पण वरच्या गिअरमध्ये ओढतही चालवू नका.

५० किमीला ऑईल आणि फिल्टर बदला, ५०० ला परत. दोन्ही वेळा फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर उन्हात उघडा. पहिल्या वेळी करड्या, मऊ धुळीसारखा थर चालतो. ५०० ला लुकलुकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड: क्रँक, रोलर, गिअर, चेन. चिकटले नाहीत आणि चंदेरी आहेत तर पिस्टन किंवा शेल, तांबूस असतील तर बुश. कण दिसले की टकटकीची वाट न बघता गाडी तिथेच उभी करा आणि ऑईल पंपापासून पुन्हा सुरुवात करा.